क्लचबाई आणि न निघणारा फिल्टर

आमच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या बाईंना सगळी गल्ली क्लचबाई म्हणते. त्यांना ते ठाऊक आहे आणि त्याचा त्यांना राग आहे. पण त्यांना राग येत नाही अशी एखादी गोष्ट शोधायला बसलं तर दिवस मावळेल. दुधाची पिशवी फाटकी निघाली, राग. शेजारच्यांनी स्कूटर फाटकाला टेकवून लावली, राग. कुणी 'नमस्कार बाई' म्हणालं आणि त्या वेळी त्या गाडी मागे घेत असल्या, तर त्याचाही राग. "नमस्कार काय घालताय, बाजूला व्हा आधी!"

बाई गाडी चालवायला शिकवतात. क्लासची गाडी एकच, तीही जुनी, सायीच्या रंगाची, टपावर पाटी लावलेली. शिकणारा स्टिअरिंगशी बसतो आणि बाई शेजारच्या सीटवर. त्यांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेकची पॅडल बसवलेली आहेत. सकाळपासून गल्लीत त्यांचा आवाज फिरत असतो. "क्लच! अहो, क्लच म्हणतेय मी! तो ब्रेक आहे! पाय आहे की खांब?" मीही निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडेच शिकलो. पहिल्याच वळणावर त्या म्हणाल्या, "मास्तर, गाडी वळवताय की फळा पुसताय?"

एवढा ओरडा खाऊनही माणसं त्यांच्याकडेच येतात. विशेषतः बायका. त्यांच्यातली एक मला म्हणाली होती, "घरी हे ओरडतात तेव्हा माझी गाडी बंद पडते. बाई ओरडतात तेव्हा चालू होते." यात काय फरक आहे यावर मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं, बाई चुकीवर ओरडतात, माणसावर नाही. चूक सुधारली की त्यांचा राग तिथल्या तिथे संपतो आणि पुढच्या चुकीसाठी नवा तयार असतो.

बाईंचे वडील रुग्णवाहिका चालवायचे. त्यांच्या शेजारी बसून बसून बाईंना गाडी आली. लग्नानंतर त्यांनी एका रुग्णालयाच्या धुलाईची गाडी चालवली, मळक्या चादरी न्यायच्या आणि धुतलेल्या आणायच्या. तिथले बाकीचे चालक पुरुष. त्यांना बाईमाणूस गाडीवर नको होतं. कधी टायरमधली हवा सोडलेली असायची, कधी आरसा उलटा फिरवलेला. बाई हवा भरायच्या, आरसा सरळ करायच्या, चार शिव्या घालायच्या आणि निघायच्या. मग एकदा पुलाच्या उतारावर पुढचं चाकच निघालं. चाकाचे नट कुणीतरी सैल केले होते. चादरींचे गठ्ठे रस्ताभर झाले. बाई कठड्याशी थांबलेल्या गाडीतून उतरल्या आणि त्या दिवसापासून दुसऱ्याने केलेल्या कुठल्याही कामावरचा त्यांचा विश्वास उडाला तो उडालाच.

याचा सगळ्यात जास्त जाच झाला तो त्यांच्या यजमानांना. ते चष्मेवाले. कोपऱ्यावर त्यांचं चष्म्यांचं दुकान आहे. बारीक, लांब बोटं, बोलणं कमी. 'हं' हा त्यांचा आवडता शब्द. सुरात थोडा फरक करून त्याच एका शब्दात ते हो, नाही, बघू आणि जाऊ दे असं सगळं म्हणतात. चष्मेवाल्यांनी दाराला कुलूप लावलं की बाई ते ओढून बघतात. त्यांनी गॅस बंद केला की बाई बटण पुन्हा दाबून पिळतात. पाकिटावर त्यांनी चिकटवलेलं तिकीट बाई अंगठ्याने परत दाबतात. चष्मेवाले हे सगळं बघतात आणि म्हणतात, "हं."

घरात तिसरं माणूस म्हणजे आक्का, चष्मेवाल्यांची थोरली बहीण. गुडघ्यांमुळे त्या फारशा हलत नाहीत, पण ओट्यावरच्या खुर्चीतून त्यांना सगळं दिसतं, आणि जे दिसतं ते त्या बोलून दाखवतात.

मी सांगतोय त्या दिवशी दुपारी बाईंच्या गाडीची तपासणी होती. शिकवण्याच्या गाड्या परिवहन कार्यालयात नेऊन दाखवाव्या लागतात. तपासनीस ब्रेक बघतो, धूर बघतो, खाली वाकून गळती बघतो. गाडी नापास झाली किंवा पोचलीच नाही, तर पुढची तारीख मिळेपर्यंत क्लास बंद. ती तारीख कधी मिळेल याचा नेम नाही. मोठ्या रस्त्यावर दोन नवे क्लास निघाले होते, थंड हवा सोडणाऱ्या नव्याकोऱ्या गाड्यांचे. एकदा बाईंकडची माणसं तिकडे गेली की परत येणार नाहीत, हे गल्लीतल्या सगळ्यांना कळत होतं. बाईंनाही. त्यांच्या वयाच्या बाईला दुसरं कोण कामावर ठेवणार होतं?

आणि गाडी ऑइल गाळत होती. फार नाही, पण रात्रभर उभी राहिली की खालच्या फरशीवर रुपयाएवढा काळा डाग पडायचा. आदल्या दिवशी बाई ती मेकॅनिककडे घेऊन गेल्या होत्या. तो खाली शिरला, बाहेर आला आणि हसत म्हणाला, "बाई, ऑइलचा फिल्टर कुणीतरी राक्षसासारखा पिळलाय. रबराची रिंग चेपून फाटली असणार. हाताने लावायचा असतो तो. तुमच्याकडे घरीच करतात ना ही कामं?"

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, पण हसण्यात होती. बाईंनी त्याला गॅरेजभर ऐकवलं, त्याच्या गॅरेजच्या स्वच्छतेपासून सुरुवात करून. गाडी घेऊन तशाच परत आल्या. येताना नवा फिल्टर आणि ऑइलचा डबा घेऊन आल्या. म्हणून हे काम तपासणीच्या दिवशी सकाळवर येऊन पडलं.

मी अंगणात झाडांना पाणी घालत होतो. भिंतीपलीकडून हाक आली. "मास्तर! टॉर्च आहे का घरी? आहे तर घेऊन या. आणि धरायला तुम्हीही या, यांचा हात हलतो."

चष्मेवाल्यांचा हात हलत नाही. चष्म्याचा स्क्रू डोळ्याला दिसत नाही इतका लहान असतो आणि ते तो पहिल्या फेरीत बसवतात. तरी मी टॉर्च घेऊन गेलो.

गाडीची पुढची चाकं लोखंडी रॅम्पवर चढवलेली होती, मागच्या चाकांना दगड लावलेले. बाई पोतं अंथरून खाली शिरल्या होत्या, बाहेर फक्त पाय दिसत होते. जुनं ऑइल पसरट डब्यात गळून झालं होतं. म्हणजे आता इंजिनात ऑइल नव्हतं आणि गाडी चालू करणं शक्य नव्हतं. फिल्टर निघाला, नवा लागला, ऑइल भरलं, तरच गाडी अंगणातून हलणार होती.

"धरा इकडे. इकडे म्हणजे फिल्टरवर, माझ्या तोंडावर नाही."

इंजिनाच्या बाजूला डब्यासारखा दिसणारा काळा फिल्टर होता. बाईंनी दोन्ही हातांनी तो धरला आणि पिळला. हात घसरला. कोपर चेसिसवर आपटलं.

"आई गं! कुणी लावलाय हा? अहो! कुणी लावला हा मागच्या खेपेला?"

चष्मेवाले हातात पाना घेऊन गाडीशेजारी उकिडवे बसले होते. ऑइल काढायचं काम बाईंचं आणि फिल्टर बसवायचं त्यांचं, अशी त्यांच्या घरची वाटणी होती. त्यांची बोटं बारीक, त्या अडचणीच्या जागेत सहज जातात.

"मीच लावला," ते म्हणाले.

"तुम्हीच ना? काय राग होता तुमचा या गाडीवर? चष्म्याच्या काड्या पिळता तसं हळू करायचं सोडून इथे जोर दाखवलात? द्या तो पट्ट्याचा पाना."

पट्ट्याचा पाना फिल्टरभोवती आवळला, पण फिल्टर ऑइलने माखलेला. पट्टा गोल गोल फिरला, फिल्टर जागचा हलला नाही. बाईंनी फडक्याने पुसून पुन्हा लावला. पुन्हा तेच. मी म्हटलं, पट्ट्याखाली पॉलिश पेपर घातला तर धरेल. आमच्याकडे होता, आणून दिला. या वेळी पट्ट्याने धरलं. बाईंनी दात ओठ खाऊन ओढलं. फट् असा आवाज झाला.

"निघाला?" ओट्यावरून आक्कांनी विचारलं.

"पट्टा तुटला, वन्सं!"

"मग त्या मेकॅनिकला बोलव की. चार पावलांवर आहे."

"त्याच्या दारात मी पाऊल ठेवणार नाही. काय हसत होता काल! राक्षस म्हणे. तुमच्या भावाला राक्षस म्हणाला तो."

"माझ्या भावाला?" आक्का म्हणाल्या. "माझ्या भावाला लोणच्याची बरणी उघडत नाही."

चष्मेवाले म्हणाले, "हं."

"हं काय? हं काय?" गाडीखालून आवाज आला. "दुपारी तपासणी आहे, गाडी उताणी पडलीय, क्लास बंद होईल, आणि हे म्हणतायत हं! स्क्रू ड्रायव्हर द्या. तो मोठा. आणि हातोडी."

हा शेवटचा उपाय. फिल्टरच्या पत्र्यात स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकायचा आणि त्याची मूठ धरून फिरवायचं. बाईंनी ठोकला. उरलंसुरलं ऑइल त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत वाहिलं आणि बाहीत शिरलं. त्या वेळी त्या जे बोलल्या ते मी लिहीत नाही. मग त्यांनी मूठ धरून जोर लावला. पत्रा फाटत गेला, स्क्रू ड्रायव्हर लोण्यातून यावा तसा पत्र्यातून बाहेर आला, आणि फिल्टर होता तिथेच राहिला. फक्त आता तो फाटकाही होता.

मग बाईंनी फाटलेला पत्रा पक्कडीने ओढून ओढून काढायला सुरुवात केली आणि एकेका तुकड्याबरोबर चष्मेवाल्यांचा उद्धार चालू ठेवला. आजवर त्यांनी बिघडवलेल्या वस्तूंची यादी झाली. उलटी बसवलेली खिडकीची जाळी झाली. पाहुण्यांसमोर तुटलेली खुर्ची झाली. "एक काम, एकच काम तुमच्यावर सोपवते मी या गाडीचं. तेवढंही धड होऊ नये? उद्या क्लास बंद पडला तर पाटी उतरवून तुमच्या दुकानावर लावा, लोकांना कळू दे कुणामुळे बंद पडला ते!"

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला.

"मास्तर, टॉर्च जरा जवळ आणा," बाई म्हणाल्या.

मी टॉर्च आत नेला. त्यांच्या हातात फिल्टरच्या पत्र्याचा एक मोठा तुकडा होता. त्यांनी तो अंगठ्याने पुसला. काळ्या रंगावर एका ओळीत खरचटलेल्या खुणा होत्या, सारख्या अंतरावर, दात उमटल्यासारख्या. खुणा जुन्या होत्या, त्यांच्यात मळ भरलेला होता.

मला त्यातलं काही कळलं नसतं. पण बाईंचा हात एकदम थांबला आणि त्यांनी मान वळवून हत्यारांच्या पेटीकडे पाहिलं. तिथे साखळीचा पाना होता. मागच्या वर्षी एक गॅरेज बंद झालं तेव्हा बाईंनी तो हौसेने आणला होता. सायकलच्या चेनसारखी साखळी, कशालाही करकचून धरणारी. आज त्या तो वापरू शकल्या असत्या, पण त्याची मूठ लांब आहे, काढायच्या दिशेने ती चेसिसला अडते. आवळायच्या दिशेने मात्र छान फिरते.

चष्मेवाले तो पाना हातात धरत नाहीत. त्यांच्या बोटांना तो जड होतो. मागच्या खेपेला त्यांनी फिल्टर हाताने लावला होता, लावायचा असतो तसा. आणि ते हात धुवायला आत गेल्यावर बाई खाली शिरल्या होत्या आणि त्यांनी तो साखळीच्या पान्याने आवळला होता. का? चष्मेवाल्यांनी लावला होता म्हणून. कुलूप ओढून बघावं तसं. हाताला सवय झालेल्या कामाची आठवण राहत नाही. बाईंना ते खरोखर आठवत नव्हतं, त्या पत्र्यावरच्या खुणा बघेपर्यंत.

मला वाटलं, आता त्या गप्प होतील. पण मी बाईंना पुरता ओळखत नव्हतो. त्या सरपटत गाडीखालून बाहेर आल्या. तोंड काळं, केस विस्कटलेले, हातात तो तुकडा. तो त्यांनी चष्मेवाल्यांच्या नाकासमोर धरला.

"हे मी केलंय."

"हं," चष्मेवाले म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"खिडकीतून दिसत होतं."

"तेव्हापासून माहीत होतं? आणि काल मेकॅनिक बोलला ते मी घरी येऊन सांगितलं, तेव्हा? आज सकाळपासून मी घसा फोडतेय, तेव्हा? गप्प का बसलात? एवढं सगळं ऐकून घेतलंत, मास्तरांसमोर, वन्संसमोर! मला वेडी ठरवायची होती?"

आणि मग चष्मेवाले उठून उभे राहिले. मी त्यांना कितीतरी वर्षं ओळखतो. त्यांचा चढलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. तो बारीक आणि थरथरता निघाला, न वापरलेल्या वस्तूसारखा.

"बोलून काय करू? बोललो असतो तर तू ते पण परत तपासलं असतंस! मी कुलूप लावतो, तू ओढतेस. मी गॅस बंद करतो, तू पिळतेस. मी भाजीत मीठ घातलं की तू चमचा घेऊन येतेस. चष्मे बनवतो मी! लोक माझ्यावर डोळे सोपवतात, डोळे! आणि तू माझ्यावर एक तिकीट चिकटवायचं काम सोपवत नाहीस!"

"अहो, पण..."

"पण नाही! तुझ्या क्लासमध्ये माणूस शिकतो आणि महिन्याभरात सुटतो. मी लग्न झाल्यापासून शिकतोच आहे. स्टिअरिंग माझ्या हातात द्यायचं आणि ब्रेक स्वतःच्या पायाखाली ठेवायचा. तुझं चाक कुणी सैल केलं होतं? मी केलं होतं? मग त्याची शिक्षा मला का?"

ओट्यावर आक्कांनी हातातली पेपरची घडी मांडीवर ठेवली. मी टॉर्च बंद केला, उगाच जळत होता.

बाईंचा चेहरा लाल झाला होता, ऑइलच्या खालूनही दिसत होतं. त्या काहीतरी मोठं बोलणार होत्या. तोंड उघडलंही. पण बोलल्या त्या एवढंच, "तपासणी आहे दुपारी."

"माहीत आहे. पाना नको आता. छिन्नी घे."

फिल्टरचा डबा फाटून गेला होता, पण त्याचा जाड गोल तळ अजून इंजिनाला चिकटून होता. आता एकच मार्ग उरला होता. त्या तळाच्या कडेवर छिन्नी तिरकी धरायची आणि काढायच्या दिशेने ठोके देत ती चकती फिरवायची. जागा इतकी अडचणीची की छिन्नी धरणाऱ्याला हातोडी मारता येत नव्हती. एकाने धरायची, दुसऱ्याने दुसऱ्या बाजूने मारायची.

"मी मारते, तुम्ही धरा," बाई म्हणाल्या.

"माझी बोटं गेली तर दुकान गेलं. तू धर. मी मारतो."

"तुम्ही मारणार? हातोडी? तुमचा नेम..."

चष्मेवाल्यांनी हातोडी उचलली आणि दुकानात जायच्या पांढऱ्या शर्टासकट, दुसऱ्या बाजूने गाडीखाली शिरले.

मी टॉर्च धरून जमिनीवर पालथा झालो होतो, त्यामुळे मला दोघांचेही चेहरे दिसत होते. बाईंनी छिन्नी कडेवर टेकवली. त्यांचा अंगठा छिन्नीच्या डोक्यापासून बोटभर अंतरावर. चष्मेवाल्यांनी हातोडी मागे नेली. बाईंनी हात मागे घेतला.

"धर."

"धरलीय."

हातोडी मागे. हात पुन्हा मागे.

"अगं, धरायचीय की नाही? तुझाच क्लास आहे!"

"धरलीय म्हटलं ना! मारा की! वाट कसली बघताय?"

"तू डोळे मीट."

"का मिटू?"

"कारण तू माझ्या हाताकडे बघतेस. मी मारायच्या आधीच तू माझी चूक पकडायला बघतेस. डोळे मीट नाहीतर मी हा चाललो दुकानात."

बाईंनी डोळे मिटले. रागाने मिटले, पापण्या आवळून. अंगठा पांढरा पडेपर्यंत छिन्नी धरली. पहिला ठोका पडला. हलका, पण छिन्नीच्या बरोबर मधोमध. मग दुसरा, मग तिसरा. चष्मेवाले जोर लावत नव्हते, एकाच जागी, एकाच लयीत टकटक करत होते. बाई डोळे न उघडता ओरडत होत्या. "जोर लावा! चिमणी टोचतेय का? जोराने!" आणि चष्मेवालेही ओरडत होते. "तू धर! मारणं माझ्याकडे आहे!" मधेच एक ठोका घसरला आणि अंगठ्याला लागला. बाई किंचाळल्या. चष्मेवाले थांबले.

"थांबलात का?" बाई म्हणाल्या. अंगठा त्यांनी हलवलेला नव्हता. "थांबायला सांगितलं मी? मारा!"

आणखी बरेच ठोके झाले. मग चकतीच्या कडेवर छिन्नीने पाडलेली खाच केसभर सरकली. ती फक्त मला दिसली, कारण टॉर्च माझ्या हातात होता. मी म्हटलं, "हलली."

"गप्प बसा, मास्तर, उगाच धीर देऊ नका," बाई म्हणाल्या.

पण ती हलली होती. पुढच्या ठोक्याला सगळ्यांनाच दिसली. चार बोटं फिरल्यावर चष्मेवाल्यांनी हातोडी टाकली आणि ती चकती बोटांनी फिरवत आट्यांवरून काढून घेतली. फाटलेली, चपटी झालेली रबराची रिंग इंजिनालाच चिकटून राहिली होती. ती त्यांनी नखाने सोलून काढली, जागा फडक्याने पुसली. मग नव्या फिल्टरच्या रिंगला बोटाने ऑइल लावलं, फिल्टर आट्यांवर चढवला, टेकेपर्यंत फिरवला आणि टेकल्यावर हाताने आणखी थोडासा आवळला. झालं.

बाई बाहेर येऊन बसल्या होत्या. त्यांचा हात हत्यारांच्या पेटीकडे गेला. मी पाहिलं. चष्मेवाल्यांनीही गाडीखालून पाहिलं.

"हात लावून बघ त्याला," ते म्हणाले. "लावच."

बाईंनी साखळीचा पाना उचलला. मला वाटलं, आता पुन्हा सगळं पहिल्यापासून. पण त्यांनी तो माझ्याकडे फेकला. मी कसाबसा झेलला.

"हा तुमच्या घरी घेऊन जा, मास्तर. आणि मी मागायला आले तर देऊ नका. शिव्या दिल्या तरी देऊ नका. माझा मला भरवसा नाही."

ऑइल भरलं. इंजिन चालू केलं. चष्मेवाले खाली वाकून बघत राहिले. बाई स्टिअरिंगशी बसून होत्या, खाली उतरून बघायची इच्छा त्यांच्या मानेच्या शिरांत दिसत होती. त्या उतरल्या नाहीत. चष्मेवाल्यांनी हाताने खूण केली. गळत नव्हतं. तोंड न धुता, काळ्याच हातांनी बाईंनी गाडी रॅम्पवरून उतरवली आणि फाटकाबाहेर काढली. कोपऱ्यावर कुणाला तरी ओरडल्याचं ऐकू आलं.

उन्हं कलताना त्या परत आल्या. चष्मेवाले त्या दिवशी दुकानात गेलेच नव्हते. मी भिंतीशी होतो, उगाच नाही, मला जाणून घ्यायचं होतं. आक्कांनी तर खुर्ची फाटकाच्या दिशेने फिरवून घेतली होती.

"काय झालं?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"काय व्हायचंय? पास. खाली पुठ्ठा टाकून बघितलं त्याने. थेंब नाही. म्हणाला, बाई, फिल्टर कुणी लावला?"

"मग? काय सांगितलंस?"

"सांगितलं, आमच्या घरातल्यांनी. त्याला कशाला जास्त?" बाईंनी गाडीचं दार आपटून बंद केलं. त्यांचा अंगठा सुजून निळा झाला होता, तो त्यांनी नवऱ्यासमोर धरला. "हे बघा काय केलंत. उद्या गियर कसा दाखवू लोकांना? पण याचा मला राग नाही. राग याचा आहे की तुम्ही इतके महिने मनात ठेवलंत. हे मी विसरणार नाही."

"नको विसरूस. मीही विसरणार नाही."

"काय विसरणार नाही?"

"सांगू? बस. यादी मोठी आहे. पहिल्यापासून सांगतो."

"पहिल्यापासून? मास्तर ऐकतायत!"

"ऐकू देत. मला काय त्यांची चोरी आहे? खिडकीच्या जाळीपासून सुरू करू. ती जाळी मी सरळच लावली होती. उलटी तू केलीस."

बाई कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मी? मी उलटी केली? वन्सं, तुम्ही होतात ना तेव्हा? सांगा यांना!"

आक्कांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि मला भिंतीपलीकडून मोठ्याने विचारलं, "मास्तर, तुमच्याकडे चहा टाकलाय का? इथे आज मिळेल असं दिसत नाही."